गीतावरचं बारीक नाव

माझ्या मामेबहिणीचा, सुमनचा, चार वर्षांचा मुलगा तापानं गेला. चर्चमध्ये वेदीसमोर ती छोटी शवपेटी ठेवली होती. तिच्याकडे बघवेना म्हणून मी गीतांच्या पुस्तकात डोकं घातलं आणि लहानपणापासून पाठ असलेल्या त्या गीतावरची बारीक अक्षरं पहिल्यांदाच वाचली. डावीकडे कवीचं नाव, उजवीकडे चाल बांधणाऱ्याचं.

चाल कुणा परदेशी माणसाची होती. हे मराठी शब्द त्याच्या कानावरही कधी पडले नसतील. कवी म्हणजे एकोणिसाव्या शतकातले इथलेच एक शाळामास्तर. पटकीच्या साथीत एका आठवड्यात त्यांची दोन्ही मुलं गेली, त्यानंतर त्यांनी हे गीत लिहिलं, असं पाळकसाहेबांनी प्रवचनात सांगितलं. मला लाज वाटली. कितीतरी रविवारी मी ते घड्याळाकडे बघत म्हटलं होतं. एका बापाचं रडणं इतक्या पिढ्या आपण सुरात म्हणतो आणि घरी जाऊन जेवतो.

सुमन गात नव्हती. दफन झाल्यावर तिनं पाळकसाहेबांना थांबवलं.

"साहेब, हे लिहिल्यावर त्या मास्तरांना बरं वाटलं का हो?"

पाळकसाहेब म्हणाले, "माहीत नाही, बाई. त्यानंतर त्यांनी एकही गीत लिहिलं नाही."

सुमननं मान हलवली. सकाळपासून सगळे तिची समजूत घालत होते. तिला पटलं ते एवढंच.