फाईलखालची रिकामी ओळ

आप्पा गेल्याचा फोन आला तेव्हा मी विमानाच्या पोटात बॅगा रचून नुकताच खाली उतरलो होतो. केडगावहून त्यांचा पुतण्या बोलत होता. "परवा सकाळी पडले असतील. दार आतनं लावलेलं. काल दुपारपर्यंत जीव होता, असं डॉक्टर म्हणत्यात." काल दुपारी मी इथं परदेशात डबा खात बसलो होतो...

आप्पा कारेगावच्या कंपनीत इलेक्ट्रिशियन, मी नववीतून शाळा सोडलेला त्यांचा हेल्पर. रिटायर झाल्यावर त्यांनी घराच्या पत्र्यावर अँटेना उभा केला. उडणारं विमान आपण कुठं आहोत, किती उंचीवर आहोत, हे रेडिओवरून सतत सांगत जातं. ते आप्पा टिपून ठेवत. समुद्रावर टॉवर नसतात. तिथं एका विमानाचा निरोप दुसऱ्यानं, दुसऱ्याचा तिसऱ्यानं पुढं दिला तर किनाऱ्याला पोचेल का, हे ते कॉम्प्युटरवर जाळं मांडून बघायचे. पण त्यातली विमानं मनानं रचलेली नकोत, टिपलेली, खरी उडालेलीच हवीत, हा हट्ट.

सुट्टीच्या दिवशी मी शिरूरहून एसटीनं जायचो. नोंदी लावायला त्यांनीच शिकवलं, नाहीतर माझ्या हाती कॉम्प्युटर कोण देतंय. एकदा मी शहाणपणा केला. मधेच काही विमानं थोडा वेळ गप व्हायची. मी दोन्ही टोकं सरळ रेषेनं जोडून मधल्या नोंदी भरल्या. त्या दिवशी जाळं एकदाही तुटलं नाही. आप्पांनी चष्मा पुसला.

"ह्या मधल्या कुठनं आल्या रं?"

"मीच भरल्या. सरळच तर चाललं हुतं इमान."

"तू बघितलंस?"

"न्हाई."

"मग रिकामं ठेव. गप झालेलं इमान कुठं हाय, ते आपल्याला ठावं न्हाई. त्याच्या भरवशावर मागच्याचा निरोप सोडलास, तर बुडाला की त्यो."

इथल्या नोकरीचे फॉर्म त्यांनीच भरून दिले. मी निघालो त्या दिवशी माझंही विमान टिपलं. उतरल्यावर मेसेज होता, "किनाऱ्यापस्तोर दिसलास. म्होरचं तू कळव." तेव्हापासून रोज सकाळी मशीन टिपलेल्या विमानांची फाईल आपोआप मला धाडायचं, आणि तिच्याखाली आप्पा हातानं लिहायचे, "मी हाय." मीही तेच लिहायचो.

आप्पा पडले त्या सकाळी फाईल आली, खालची ओळ आली नाही. मी तसा घाबरट. घरचा फोन अवेळी वाजला तरी हातातलं काम टाकून धावतो. पण तेव्हा नेमका घाबरलो नाही. फाईल आलीय म्हणजे लाईट आहे, मशीन चालू आहे, आप्पाही असतील... दुसऱ्या सकाळीही असंच. पुतण्याचा नंबर माझ्याकडं होता. एक फोन लावायचा होता, तो लावला नाही.

दीड महिना झाला. घराला कुलूप आहे. पुतण्या विचारतो, "अँटेना उतरवू का?" मी म्हणतो, राहू दे.

आज सकाळीही फाईल आली. विमानं होती. खाली काही नव्हतं. मी तिथं काही भरलं नाही.