वाफ्यात उतरलेले बूट

बूट घालूनच उतरले ते. आमच्या मिठाच्या वाफ्यात.

प्रोफेसरसाहेब पुढे. त्यांच्या मागे कॉलेजातली सहा मुलं. आणि सगळ्यांच्या मागे मी, डोक्यावर रिकाम्या बाटल्यांची पेटी घेऊन. पेटी माझ्याच डोक्यावर का? ठाण्याच्या स्टेशनात गाडीतून उतरल्या उतरल्या साहेब म्हणाले होते, "तू घे रे. तुला सवय असेल." सवय, डोंबल! मीही त्या सहा मुलांच्याच वर्गात होतो. तीच पुस्तकं वाचत होतो. पण मी मिठागरातला.

वाफा म्हणजे काय ते सांगायला हवं. खाडीचं पाणी आत घेण्याआधी चिखल पायांनी तुडवायचा. बा, आय, काका, काकी, सगळं घर एका रांगेत. पंधरा-पंधरा दिवस. उघडी टाच आपटली तरी ठसा उठू नये इतका तळ घट्ट झाला पाहिजे. मग पाणी घ्यायचं. त्यानंतर पायात काही घालून त्या तळावर कोणी उतरत नाही. मिठागराचा मालकसुद्धा बांधावरूनच बोलतो. कारण तळ फुटला की खालचा चिखल वर येतो, आणि मीठ काळं पडतं. काळ्या मिठाला कोण विचारतो?

साहेबांना खाडीच्या पाण्याचा अभ्यास करायचा होता. आमच्या वाफ्यातलं पाणी त्या दिवशी लाल झालं होतं. "हेच हवं होतं," म्हणाले, आणि उतरले. मागोमाग सहा जोड बूट. कचाकच.

बा बांधावर हात जोडून उभा होता. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी साहेबांना सांगावं, एवढंच मागत होता तो.

मी मूग गिळून बसलो.

का? सांगतो. बी.ए. झाल्यावर मला कॉलेजात फेलो व्हायचं होतं. फेलो म्हणजे खालच्या वर्गातल्या मुलांना शिकवणारा, त्यांना अभ्यासाची वाट दाखवणारा. ती जागा साहेबांच्या शब्दावर मिळायची. साहेब नाराज होतील, ही भीती. जळो ती जागा.

शेवटी बाच बोलला. चाचरत. "सायेब, पायताण जरा..."

साहेब माझ्याकडे वळले. "काय म्हणतोय हा? आता हा शिकवणार आम्हाला?"

मुलं हसली.

"काही नाही, साहेब," मी म्हणालो.

काही नाही! माझ्या बापाचं बोलणं म्हणजे काही नाही. बानं जोडलेले हात खाली सोडले आणि तो पाठ फिरवून झोपडीकडे गेला. ती पाठ मला अजून दिसते.

दुसऱ्या दिवशी कॉलेजात मी साहेबांपुढे माझी वही ठेवली. दोन उन्हाळे मी वाफ्यावर बसून टिपणं केली होती. पाणी कधी लाल होतं, त्यानंतर किती दिवसांनी मीठ धरतं, वारा कुठला असतो. पाणी लाल झालं म्हणजे मीठ आता धरणार, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. साहेबांनी वही उघडली नाही. बाटली गळत होती, टेबलाला डाग पडू नये म्हणून वही तिच्याखाली सरकवली. म्हणाले, "तू पाणी आणत जा. विचार आम्ही करू." पुढे विद्वानांच्या सभेत त्यांनी निबंध वाचला. लाल पाणी म्हणजे कुजलेलं पाणी, असं त्यात होतं. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या.

इकडे घरच्यांनी वाफा पुन्हा तुडवला. भर उन्हात, सुजल्या पायांनी. बा मला एका शब्दानं बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं. दोन वर्षांनी तो गेला. मी परीक्षेला बसलो होतो. माफी मागायची राहिली. आता कोणाकडे मागू?

फेलोची जागा मिळाली मला. जोडे आले, कोट आला. पहिल्याच वर्षी माझ्या वर्गातला शहाडचा एक मुलगा वही घेऊन आला. नदीकाठचा, मासे धरणाऱ्यांच्या घरातला. उल्हास नदीला पूर आला की कुठला मासा किती वर चढतो, हे त्यानं लिहून आणलं होतं. मी घाईत होतो. म्हटलं, "तू मासे आणून दे. लिहायचं ते मी बघतो."

"बरं, साहेब," तो म्हणाला. मान खाली घालून. वही काखेत मारून तो वळला, आणि मला बाची पाठ दिसली.

शी! मी तेच केलं होतं. आणि कोणाच्या पोराशी!

त्याच उन्हाळ्यात ठाण्याच्या शाळेत प्रोफेसरसाहेबांनी नव्या फेलोंना आणि मास्तरांना जमवलं. विद्यार्थ्याला स्वतः शोध घ्यायला कसं शिकवावं, हे ते आम्हाला शिकवणार होते. तासभर बोलले. मग मला उभं केलं. "हा बघा. मिठागरातला. मी घडवला. सांग रे, मी तुला कसं शिकवलं?"

जागा जाईल, हे ठाऊक होतं. पण बोललो.

"साहेबांनी मला बाटल्या भरायला शिकवलं. पाहायला माझ्या बानं शिकवलं. मिठागरावर नवीन माणूस आला की बा आधी काही सांगायचा नाही. म्हणायचा, 'आदी पाय टाक. मंग सांग, काय लागला.' समोरच्याचं सगळं ऐकून घ्यायचा. चुकलं तरी मध्ये तोंड घालायचा नाही. मग स्वतःचा पाय टाकायचा. अनवाणी. साहेब, तुम्ही आमच्या वाफ्यात बूट घालून उतरलात. बा तुम्हाला पायताण काढा म्हणत होता. मी ते दाबलं. आज सांगतो. पायताण काढा."

"खाली बस," साहेब म्हणाले.

"नाही बसत."

पुढच्या सत्राला माझी जागा गेली. जाणारच होती. मी शहाडला गेलो, त्या मुलाचं घर विचारत. तो दारातच उभा राहिला, आत या म्हणाला नाही. बरोबरच केलं त्यानं. मी त्याची माफी मागितली. मग जोडे काठावर काढले आणि त्याच्याबरोबर नदीत उतरलो. म्हटलं, "तू सांग. मी ऐकतो." आधी तो पाण्यात पाय चाचपत पुढे चालत राहिला. मग बोलायला लागला, आणि मी मध्ये तोंड घातलं नाही.

वही त्याची. वहीवर नावही त्याचंच राहील. आणि त्याच्या बापाचं बोलणं कोणी हसण्यावारी नेलं, तर तिथे मी उभा राहीन. मग समोर कोणीही साहेब असो. बा, तुझं ऐकायला मी उशीर केला. "काही नाही, साहेब" हे शब्द आता माझ्या तोंडून निघणार नाहीत.