आजची लेडीज

अकोल्याच्या त्या केबल चॅनेलवाल्याचा फोन आला की पहिलं वाक्य ठरलेलं असायचं. "मॅडम, उद्या फ्री आहात का? लेडीज कमी पडून राहिली." विषय काय, समोर कोण बसणार, हे सगळं नंतर. आधी लेडीज. जसं काही भाजीत मीठ कमी पडलंय!

मी तेव्हा अमरावतीच्या कोर्टात वकिली करत होते. कापसाची ती फार वाईट वर्षं. रोज पेपरात आपल्याकडच्याच कुठल्या तरी गावाचं नाव यायचं, आणि मुंबई-दिल्लीची माणसं गाड्या भरभरून वऱ्हाड बघायला यायची. तशात अमरावतीतही दिसणाऱ्या या चॅनेलनं दर आठवड्याला चर्चा सुरू केली. पाहुणे चार. एक सत्तेतला, एक विरोधातला, एक शेतकऱ्यांचा पुढारी आणि एक लेडीज. पहिल्या तिघांना काही ना काही पद होतं. चौथीचं पद म्हणजे ती बाई होती, एवढंच.

ती लेडीज कधी मी असायचे, तर कधी माझी मैत्रीण. ती माझ्याहून मोठी, म्हणून मी तिला ताई म्हणायचे आणि ती मला चिडवायला वकिलीणबाई म्हणायची. शेती खात्यातून ती नुकतीच निवृत्त झाली होती. अख्खी नोकरी एसटीनं नाही तर पायी गावोगाव फिरण्यात गेलेली. कापसाबद्दल त्या टेबलावर बोलायचा अधिकार कुणाला असेल तर तो तिलाच होता. मी तर कोर्टातली बाई, केसेस पाहून पाहून शिकलेली.

दोघींना एकत्र मात्र त्यांनी कधी बोलावलं नाही. मी एकदा त्या फोनवाल्याला म्हटलं, "अहो, एकदा आम्हा दोघींना बोलवा ना." तो बिचारा खरंच गोंधळला. "दोन लेडीज? पण विषय तर कापसाचा आहे मॅडम."

घ्या!

स्टुडिओ म्हणजे एका दुकानावरची खोली. खिडक्यांना गाद्या लावलेल्या, आत उकडून जीव जायचा. माइकची वायर एका छोट्या डब्बीला जोडलेली असायची. पुरुष ती डब्बी पट्ट्याला अडकवायचे आणि मोकळे व्हायचे. साडीला कुठला पट्टा? मग वायर पदराखालून घ्यायची आणि डब्बी हातात धरून बसायची. ताई म्हणायची, "वकिलीणबाई, त्यायचे दोन्ही हात मोकळे, अन् आपला एक त्या डब्बीत. टेबलावर थाप मारू म्हटलं तरी विचार करा लागते."

सूत्रसंचालक मोठा गोड माणूस. सुरुवातीलाच म्हणायचा, "ताई, शेवटी तुमच्याकडे येतोच." आणि यायचाही. तोवर तिघांची भांडणं होऊन वेळ संपत आलेली असायची. मग तो मान तिरकी करून विचारायचा, "एक महिला म्हणून तुम्हाला काय वाटतं?" आपण तोंड उघडावं तर बियाण्याची जाहिरात सुरू.

ताईचा एकच प्रश्न होता. मोझरीकडच्या एका गावातली बाई तिच्या ओळखीची. पेरायची ती, निंदायची ती, कापूस वेचायची ती. नवऱ्यानं जीव दिला, तेव्हा सरकारी मदतीच्या चौकशीला साहेब आले आणि तिलाच विचारू लागले, घरात शेतकरी कोण? वावर सासऱ्याच्या नावावर. म्हणजे नवरा कागदावर शेतकरी नव्हता, आणि बायको तर कुणाच्या खिजगणतीतच नव्हती. ताईला एवढंच विचारायचं होतं, की जी बाई शेत करते तिचं नाव सातबाऱ्यावर कधी येणार? आणि हे तिला आमदाराच्या तोंडावर विचारायचं होतं, लोकांसमोर, त्याला उत्तर द्यावंच लागेल असं. "माह्या पेन्शनीत मले दुसरं काही नाई पायजे," असं म्हणून हसायची. पण थट्टा नव्हती ती. दर वेळी अर्ध्यावर तुटलेलं वाक्य घेऊन घरी यायची आणि दोन दिवस कुणाशी धड बोलायची नाही.

एकदा महिला दिनाला मात्र चमत्कार झाला. चारही खुर्च्या बायकांच्या! आम्ही दोघी हरखून एसटीत बसलो. मूर्तिजापूर येईपर्यंत कुणी काय बोलायचं ते पक्कं केलं. तिथे पोचून पाहतो तर एकही पुढारी नाही. प्रश्न विचारायचा कुणाला, फुलदाणीला? सूत्रसंचालकानं पहिलाच प्रश्न टाकला, "घर आणि काम, दोन्ही कसं सांभाळता?" ताई म्हणाली, "तुमी कसं सांभाळता साहेब?" सगळ्या खो खो हसल्या. पण परतताना ती सगळा रस्ता खिडकीबाहेर बघत बसली होती. मला तेव्हाच फार वाईट वाटलं.

त्यानंतरच्या हिवाळ्यात तिचं दुखणं निघालं. नागपूरच्या डॉक्टरांनी फार आशा दाखवली नाही. घरी आणली तेव्हा ती उशीला टेकून कशीबशी बसायची. आवाज बारीक झाला होता, डोकं मात्र चाकूसारखं चालायचं. चॅनेलवाल्यानं तिला फोन करणं बंद केलं आणि सगळे फोन मलाच येऊ लागले.

असाच एक आला. त्यांच्याकडे आमदार येणार होते. मी तिला सांगायला गेले तर तिनं माझं मनगट धरलं. "आता माह्याच्यानं होत नाई. तू विचार. शेवटी येतो म्हनन तो, त्याची वाट पाहू नको. मधातच घुस."

"घुसते," मी म्हटलं.

तोवर कार्यक्रम दुपारी रेकॉर्ड करून संध्याकाळी दाखवायला लागले होते. मी गेले. आमदारांनी शेतकरी बांधवांसाठी काय काय केलं ते सुरू केलं, आणि मी डब्बी सरळ टेबलावर ठेवली आणि मधात घुसले. ताईचा प्रश्न पूर्ण विचारला, शब्दही न गाळता. आमदार हसले, म्हणाले, "ताई जरा भावनिक झाल्या." मी म्हटलं, "भावनिक नाही साहेब, उत्तर द्या." त्यांचा चेहरा उतरला. मग "तपासून बघू" असं काहीतरी पुटपुटले. उत्तर कसलं ते! पण प्रश्न तर झाला होता, त्यांच्या तोंडावर झाला होता.

अमरावतीला उतरले ती रिक्षा करून थेट ताईकडे. दारातूनच ओरडले, "विचारलं! अवं ताई, विचारलं!"

तो चेहरा मी जन्मात विसरणार नाही. लेकीला म्हणाली, माही चांगली साडी काढ. केस विंचरून घेतले. शेजारच्या दोघीतिघींना बोलावणं धाडलं. मी काय काय झालं ते सांगू लागले तर म्हणाली, "काही सांगू नको. मले पाहू दे."

सात वाजता कार्यक्रम लागला. लाइटही नेमके होते. आमदार बोलले, पुढारी बोलले, पुन्हा आमदार. मी पडद्यावर दिसायचे, मान हलवताना. आता येईल, आता येईल, असं म्हणत आम्ही वाट पाहतोय. आमदार बांधवांवर आले, आणि एकदम जाहिरात. जाहिरातीनंतर सगळे नमस्कार करत होते.

कापलं होतं. अख्खं कापून टाकलं होतं.

शेजारणी उठून गेल्या. मी वेड्यासारखी म्हणत होते, "ताई, मी विचारलं होतं. तुझी शपथ. त्यायनं काढून टाकलं." ताईनं माझ्याकडे पाहिलं. रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं माझ्या हातावर थोपटलं आणि म्हणाली, "असू दे वो. मले माईत आहे तिथं कसं होते ते. माह्यानं तरी कुठं बोलनं झालं कदी?"

तिनं मला माफ केलं होतं. जे मी केलंच नव्हतं, त्याची माफी! मी रडले तर तिला वाटलं शरमेनं रडतेय, म्हणून ती मलाच आणखी समजावू लागली.

दुसऱ्या दिवशी मी त्या फोनवाल्याला चांगलंच झाडलं. म्हटलं, मला ती टेप हवी, कापलेल्या भागासकट. तो म्हणाला, "आमदार सर नाराज झाले ना मॅडम. अन् त्या टेपवर तर सकाळीच भजनाचं रेकॉर्डिंग झालं." वर म्हणाला, "तुमचे शॉट ठेवले आहेत पण. छान दिसता." मी फोन आपटला. त्या दिवसाचा संताप अजून माझ्या छातीतून गेलेला नाही, आणि जाऊही नये.

ताई त्याच महिन्यात गेली. मी रोज जायचे, पण तो विषय तिनं पुन्हा निघू दिला नाही. मी सुरू केलं की म्हणायची, "संत्रं सोलून दे मले," नाही तर डोळे मिटून घ्यायची.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी बुद्धवंदना झाली, माणसं पांगली. तिची लेक माझ्याजवळ येऊन बसली. म्हणाली, "मावशी, आई तुमची लय काळजी करे. आमाले सांगून गेली, तिले त्या कार्यक्रमाचं कदी विचारू नोका. नाई झाली तिची हिंमत, तर नाई झाली. मनाले लावून घेईल ती."

"अगं, मी विचारलं होतं," मी म्हटलं.

"हो मावशी," ती म्हणाली, अगदी मायेनं, आणि माझ्यासाठी चहा आणायला आत गेली.