बसून आलेलं दुखणं

लातूरच्या अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षांसाठी मी वर्षानुवर्षं बसलो. निकाल मात्र कधी बाजूने लागला नाही. वडील उमरीजवळच्या आमच्या गावाहून फोन करायचे आणि जेवणाची चौकशी झाली की विचारायचे, “अभ्यास करून राहिला का नुसता फिरून राहिला?” मी चिडून फोन ठेवायचो. राग प्रश्नाचा नव्हता. दाखवायला माझ्यापाशी काही नव्हतं, याचा होता.

होतं ते दाखवण्याच्या जागी नव्हतं. माकडहाडापाशी गळू झालं, फुटलं, वाहू लागलं. केस कातडीत घुसून आत बोगदा करतात, त्याला पायलोनायडल सायनस म्हणतात. दोनदा ऑपरेशन झालं, मोठ्या जखमा भरेपर्यंत जीव मेटाकुटीला आला. घरी मी मूळव्याध सांगून मोकळा झालो. ती निदान लोकांना ठाऊक असते. तिसऱ्यांदा पू दिसला तेव्हा मात्र रडूच कोसळलं. अभ्यास आता सोडावा लागणार, असंच वाटलं.

नांदेडचे डॉक्टर म्हणाले, या वेळी दुर्बिणीने करू, पण घरचं माणूस आणा. वडील आले.

ऑपरेशननंतर डॉक्टरांनी मोबाइलवर आतलं चित्रण दाखवलं. लालसर बोगद्यातून चिमट्याने केसांचा पुंजका बाहेर येत होता. वडील अगदी वाकून बघत होते.

“हे कशानं होतंय, साहेब?”

“तासन्‌तास बसणाऱ्यांना जास्त होतं. मुलगा फार बसतो तुमचा.” मग डॉक्टरांनी बजावलं, जखम भरली की तिथले केस नेमाने काढायचे, नाहीतर पुन्हा उद्भवेल. “त्याला स्वतःला दिसणार नाही. घरात कोण आहे?”

मी भिंतीकडे तोंड केलं.

“मी हाय की,” वडील म्हणाले.

जखम छोटीशीच होती, लवकर भरली. गावी मी बाजेवर पालथा पडलो. म्हैस भादरणाऱ्या हातात वडिलांनी ट्रिमर धरला. मी अंग आखडलं की ते जनावराला चुचकारावं तसं चुचकारत. मला हसू येत होतं आणि मेल्याहून मेल्यासारखंही होत होतं.

मध्येच ट्रिमर थांबला. आधीच्या ऑपरेशनांचे व्रण ते बोटाने चाचपत होते.

“लई बसलास रं,” ते म्हणाले.

मी उशीत तोंड खुपसलं.

लातूरला परतलो, केस काढायला मात्र नेमाने गावी जातो. वडिलांचा फोन आजही येतो. जेवणाची चौकशी होते आणि मग ते विचारतात, “बसूनच राहिला का? ऊठ, जरा फिरून ये.”