कालवडीची कांडी

मैत्रिणींनो, अजून राग जात नाही, म्हणून लिहितेय.

सकाळी कर्जतला भावाच्या गोठ्यात डॉक्टर गाय भरायला, म्हणजे कृत्रिम रेतन करायला आले होते. वीर्याची बारीक नळी दाखवत म्हणाले, "या नव्या कांडीनं बहुतेक कालवडच होते."

मला नवल वाटलं. लहानपणी आमच्याकडे गोऱ्हा होवो की कालवड, आई गूळच वाटायची.

तेवढ्यात वहिनी म्हणाली, "डॉक्टर, पोरगाच हुईल अशी कांडी बायांसाठी न्हाई का? आमच्या सुनंला दोन्ही पोरीच हायेत."

सगळे हसले.

शेण काढणारी सून ताडकन सासूला म्हणाली, "गोठ्यात पोर पायजे आन घरात नगं व्हय, आत्या?"

"गाईची पोर दूध देती. तुझ्या काय देनार?"

दारात उभ्या दोघी नाती ऐकत होत्या. मी चहा न घेताच निघाले.

अशी कांडी आपल्या आयांच्या वेळी मिळत असती, तर आपल्यापैकी किती जणी आज हे वाचायला असत्या?