सासऱ्यांची तक्रार

वायरिंगचं काम करणाऱ्या सुनेला सगळी गल्ली हाक मारायची, पण घरचं काम मात्र कायम उद्यावर. सासरे कधीचे सांगत होते, "अगं, फ्रिज चावतो." मुलगा हसायचा, "बाबा, फ्रिजला दात कुठले?" म्हातारे मग हाताला टॉवेल गुंडाळून फ्रिजचं दार उघडायचे.

एका दुपारी सुनेनं ते पाहिलं आणि लगेच टेस्टर आणला. तो फ्रिजच्या पत्र्याला टेकवताच टेस्टरमधला दिवा लागला; पत्र्यात करंट उतरला होता. तिनं मेन स्विच बंद केला. फ्रिजमागची एक वायर घासून सोलली होती आणि सॉकेटमधली अर्थिंगची तार सुटून लोंबत होती. तिनं वायर बदलली, अर्थिंग घट्ट बसवलं, मेन चालू करून पुन्हा तपासून पाहिलं.

"बाबा, तुमचंच खरं होतं. आम्ही उगाच हसलो. आता हात लावा."

सासऱ्यांनी आधी बोट लावलं, मग अख्खा पंजा. पण त्यांची कळी खुलली ती 'तुमचंच खरं' ऐकून. संध्याकाळी मुलगा दारात येताच ते ऐटीत म्हणाले, "फ्रिज खरंच चावत होता! मी नाही हं, वायरमन म्हणतोय! विचार तुझ्या बायकोला."