समोर बसून सांगणारा मुकादम

माणसांकडून काम कसे करून घ्यावे, हे साऱ्या वऱ्हाडात एकाच माणसाला कळले होते आणि तो माझा सख्खा मामा होता. हे मी भाचा म्हणून म्हणत नाही. भाचा म्हणून मला त्यांची बहुधा लाजच वाटायची. अमेरिकेतल्या लढाईमुळे आमच्या कापसाला सोन्याचे मोल आले, तेव्हा मामा अमरावतीच्या एका वखारीत मुकादम होते. कापसाच्या गाठी बैलगाड्यांवर लादून भुसावळच्या रेल्वेपर्यंत पोचवायच्या आणि त्यासाठी चाळीस गाडीवान सांभाळायचे, हे त्यांचे काम. इतर मुकादम खाटेवर बसून ओरडत. मामा गाडीवानासमोर भुईवर मांडी घालत, आधी त्याच्या बैलांची खुशाली विचारत, मग काम सांगत आणि लगेच म्हणत, "आता तू मले सांग, म्या तुले काय सांगतलं?" गाडीवानाने चुकीचे सांगितले, तर दोष मामांचा. ते स्वतःच्या गालावर चापट मारून पहिल्यापासून सुरू करत. एका बहिऱ्या गाडीवानापायी एकदा दुपारपर्यंत त्यांचा गाल लाल झाला होता.

चारचौघांत कोणाला रागवायचे नाही, असा त्यांचा नेम होता. चुकलेल्याला ते वखारीमागच्या चिंचेखाली नेऊन कानात कुजबुजत रागवत. पण त्याची पावले चिंचेकडे वळली, की बाकीच्यांना सगळे कळून जाई. एकदा एका गाडीवानाची पाठ थोपटायला म्हणून त्याला तिकडे नेले, तर तो वाटेतच पायांवर पडला आणि कोणाला ठाऊकही नसलेली चोरी कबूल करून मोकळा झाला. मामा त्याला चोरीबद्दल कुजबुजत रागावले आणि ठरल्याप्रमाणे त्यांनी शाबासकीही दिली.

मग रेल्वे अकोल्यावरून थेट अमरावतीलगतच्या बडनेऱ्यापर्यंत येणार, हे नक्की झाले. भुसावळच्या लांब फेऱ्या पुढच्या हंगामापासून संपणार होत्या. वखारीच्या मालकाने बजावले, की यंदाच्या गाठी निघून जाईपर्यंत ही गोष्ट बोलायची नाही. पण गाडीवान उन्हाळ्यात, पुढच्या हंगामाच्या भरवशावर, नवे बैल घेत. मामा शेवटच्या गाठी निघेपर्यंत गप्प राहिले नाहीत. भर वैशाखात पायी निघाले आणि गावोगाव एकेकाच्या घरी जाऊन सांगू लागले, की बाबा, यंदा बैल घेऊ नको.

एकोणचाळीस घरे करून ते अकोल्याला माझ्या दारात आले, तेव्हा त्यांना उन्हाचा ताप भरला होता. मी इथल्या शाळेत मास्तर. म्हणालो, "मामा, सगळ्यांना चिठ्ठ्या पाठवायच्या होत्या."

"कागदाले इचारता येते काय, समजलं का म्हून?" एवढे बोलून ते आडवे झाले. मग म्हणाले, "एकच राह्यला. अकोटच्या पल्याडचा करीम. तू जा, मास्तर. बैलबाजाराच्या आधी जा."

"जातो," मी म्हणालो. माझ्याकडून मात्र त्यांनी ते पुन्हा वदवून घेतले नाही. शिकलेल्या भाच्यावर त्यांचा भरवसा होता.

मी गेलो नाही. तापातल्या माणसाला सोडून कसे जावे, असे मी मनाला सांगितले. खरे असे, की एखाद्याच्या तोंडावर अशी गोष्ट सांगायची मला भीती वाटली. मी विचारपूर्वक एक पत्र लिहिले आणि अकोटला निघालेल्या एका व्यापाऱ्याजवळ दिले. तिसऱ्या दिवशी मामा त्याच तापात गेले.

आठ-दहा दिवसांनी दारात एक गाडी उभी राहिली. गाडीला नवी, पांढरी, उमदी जोडी होती. करीमच होता तो.

"मास्तर, मुकादम तुमच्या घरी आजारी हायेत म्हने. म्हनलं, बैल दाखवून येतो त्यायले."

मामा गेल्याचे मी सांगितले. तो ओट्यावर बसला. मग पागोट्यातून त्याने घडी केलेला कागद काढला.

"मंग हा त्यायचा आखरी कागद झाला. गावात वाचनारा कोनी नाई. पन मुकादमाच्या घरून कागद आला म्हंजे काम पक्कं, असं समजलो अन् बाजारात गेलो. आता वाचून दाखवा, काय म्हनत होते ते."

माझेच अक्षर मी त्याच्यासमोर वाचले. 'पुढील हंगामात गाड्यांचे काम राहणार नाही, तरी नवीन बैल खरेदी करू नयेत.' एकेक शब्द शुद्ध होता. वाचताना मी एकदाही मान वर केली नाही.

"चांगलं लिवलं हाय, मास्तर," करीम म्हणाला. त्याच्या आवाजात टोमणा नव्हता, म्हणून ते अजून माझ्या मनातून जात नाही.

थोड्या वेळाने त्याने विचारले, "मुकादमाले कुठी नेलं होतं?"

मी मोर्णा नदीकाठच्या स्मशानाकडे हात दाखवला. त्याने गाडी माझ्या दारातच सोडली आणि दोन्ही बैल कासऱ्याने धरून नदीच्या वाटेने निघाला. बैल दाखवायचे राहिले होते. मीही पायांत काही न घालता त्यांच्या मागून चालत गेलो.